तिकीट पुढचं, उतरायचं आधी: जपानच्या रेल्वेतली ‘ब्रेक जर्नी’

आपल्याकडे लांबच्या तिकिटावर ‘ब्रेक जर्नी’ घेता येते, हे जुन्या प्रवाशांना पाठ असतं. ५०० किलोमीटरवरच्या तिकिटाला एक थांबा, १००० वर दोन. जपानमध्येही अशी सोय आहे आणि ती आपल्यापेक्षा कितीतरी सैल आहे. तिथे थांबे मोजत नाहीत, दिवस मोजतात. दिवस शिल्लक असेपर्यंत वाटेतल्या दहा स्टेशनांवर उतरा, कुणी काही म्हणत नाही. मात्र ही सोय सगळ्या तिकिटांना नाही. चुकीचं तिकीट गेटमध्ये सरकवलं तर यंत्र ते गिळून टाकतं आणि पुढच्या प्रवासाचे पैसे बुडतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये परदेशी पर्यटकांचा सात दिवसांचा जपान रेल पास २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येनांवर गेला. तेव्हापासून सुटी तिकिटं काढून फिरणं पुष्कळांना परवडू लागलं, आणि ही सोय नीट समजून घेण्याला अर्थ आला.

या सोयीचं जपानी नाव ‘तोचू-गेशा’, म्हणजे वाटेत उतरणं. हा शब्द पाठच करा, गेटवर याच एका शब्दाने काम होतं. रेल्वेच्या लेखी उतरणं म्हणजे गेटबाहेर पडणं. गाडी बदलायला खाली उतरलात, फलाटावर तासभर बसलात, गेटच्या आतल्या दुकानातून डबा घेऊन खाल्लात, तर ते तोचू-गेशा नव्हे.

एका प्रवासाची दोन तिकिटं

शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, तिकीट काढलं की बहुतेकदा हातात दोन कागद येतात. कधी दोन्हींचा मिळून एकच कागद छापून येतो, पण हिशेब दोनच राहतात. एक ‘जोशाकेन’, म्हणजे अंतराचं मूळ भाडं. दुसरं ‘तोक्क्यूकेन’, म्हणजे जलद गाडीत बसण्याचा अधिभार. नवख्या माणसाचा घोटाळा नेमका इथे होतो, कारण वाटेत उतरण्याची मुभा फक्त पहिल्याला आहे. जोशाकेन अंतराशी बांधलेलं असतं, तोक्क्यूकेन त्या गाडीच्या फेरीशी. गेटबाहेर पडलात की तोक्क्यूकेन संपलं, मग ते कितीही पुढच्या स्टेशनचं असो. परत जलद गाडी धरायची तर उरलेल्या टप्प्यासाठी नवं तोक्क्यूकेन काढावं लागतं.

आकडे मांडून बघू. हे २०२४ मधले दर आहेत, निघण्याआधी चालू दर पाहून घ्या. टोकियो ते क्योटो जोशाकेन ८,३६० येन, विनाआरक्षित डब्याचं तोक्क्यूकेन ४,९६०, एकूण १३,३२०. आता नागोयाला एक रात्र काढायची आहे. जोशाकेन तेच ८,३६०. पण तोक्क्यूकेन दोनदा, टोकियो ते नागोया ४,१८० आणि नागोया ते क्योटो २,५३०. एकूण १५,०७०. दोन्ही टप्पे सर्वस्वी वेगळे काढले असते तर १५,७३० पडले असते. म्हणजे सगळ्या खटाटोपाची कमाई ६६० येन. एका थांब्यासाठी एवढं डोकं चालवायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

खरी गंमत लांबच्या तिकिटात आहे. टोकियो ते हिरोशिमा जोशाकेन ११,८८० येन. तेच टोकियो–क्योटो आणि क्योटो–हिरोशिमा असं तोडलं तर ८,३६० अधिक ६,६००, म्हणजे १४,९६०. फरक ३,०८० येनांचा. जपानमध्ये अंतर वाढत जातं तसं दर किलोमीटरमागे भाडं उतरत जातं, म्हणून लांबचं एक तिकीट दोन तुकड्यांपेक्षा बहुतेकदा स्वस्त.

मुभा कुठे आहे, कुठे नाही

पहिली अट अंतराची. तिकीट १०० किलोमीटरच्या वरचं हवं. १०० किंवा त्याहून कमी असेल तर उतरलात तिथे तिकीट संपलं.

दिवसांचा हिशेब सोपा आहे. १०० किलोमीटरपर्यंत १ दिवस, २०० पर्यंत २ दिवस, आणि पुढे दर २०० किलोमीटरला एक दिवस वाढतो. ४०० पर्यंत ३, ६०० पर्यंत ४, ८०० पर्यंत ५, १००० पर्यंत ६. टोकियो ते क्योटो ५१३.६ किलोमीटर, म्हणून ४ दिवस. टोकियो ते हिरोशिमा ८९४.२, म्हणून ६ दिवस. तिकिटावर छापलेली तारीख हा पहिला दिवस. त्या दिवशी निघाला नाहीत तरी तो मोजला जातो.

दुसरी अट दिशेची. तिकीट पुढेच चालतं. नागोयाहून उलटं मागे जायचं असेल, किंवा फाटा फोडून ताकायामाला जाऊन यायचं असेल, तर त्याचं तिकीट वेगळं. फिरून नागोयाला आलात की जुनं तिकीट पुन्हा वापरात आणता येतं, दिवस तेवढे उरलेले हवेत.

तिसरी गोष्ट मोठ्या शहरांच्या आसपासची, आणि इथेच भलेभले फसतात. टोकियो, ओसाका, फुकुओका, सेंदाई आणि निगाता या शहरांभोवती रेल्वेने ‘महानगर परिसर’ आखलेले आहेत. सगळा प्रवास अशा एका परिसराच्या आतच होत असेल तर अंतर १०० च्या वर असलं तरी वाटेत उतरता येत नाही, आणि तिकीट एकाच दिवसाचं असतं. हे परिसर नावावरून वाटतात त्यापेक्षा फार मोठे आहेत. टोकियोचा पार डोंगरातल्या मात्सुमोतोपर्यंत जातो, शिंजुकूहून २२५ किलोमीटर. ओसाकाच्या परिसरात क्योटो, नारा, कोबे, हिमेजी सगळं येतं. क्योटो ते हिमेजी १३०.७ किलोमीटर, म्हणून कुणीतरी साध्या गाडीचं तिकीट काढून कोबेला उतरतो आणि गेट तिकीट ठेवून घेतं. अशा जवळच्या फिरण्याला टप्प्याटप्प्याचं तिकीट किंवा टेकवायचं कार्डच बरं.

याला एक पळवाट आहे. शिंकान्सेनचा मार्ग बहुतेक ठिकाणी या परिसरात धरत नाहीत. टोकियो ते आतामी १०४.६ किलोमीटर. साध्या गाडीने गेलात तर वाटेत ओदावाराला उतरून तिकीट वाचत नाही, शिंकान्सेनमार्गे काढलेलं जोशाकेन असेल तर वाचतं.

चौथं, कार्ड आणि ॲप. सुइका, इकोका यांसारखी टेकवायची कार्डं बाहेर पडता तिथपर्यंतचे पैसे कापतात, परत आत शिरलात की नवा प्रवास. स्मार्ट-ईएक्ससारख्या ॲपवरून काढलेलं शिंकान्सेनचं तिकीट कार्डावर किंवा क्यूआरवर चालतं, त्यालाही तोचू-गेशा नाही. शिन-ओसाकाचं काढून नागोयाला बाहेर पडलात तर पुढचा भाग बुडाला. ही सोय कागदाच्या तिकिटाची आहे. खासगी रेल्वेंच्या साध्या तिकिटांना ती सहसा नसतेच.

उलट जपान रेल पास असेल तर यातलं काहीच डोक्यात ठेवायला नको. कुठेही उतरा, कुठेही चढा. फक्त पुढच्या गाडीतलं आरक्षण सोडून नवं करा, नाहीतर तुमची जागा रिकामीच धावत राहते आणि दुसरा कुणी दारात उभा असतो.

तिकीट वाचायचं कसं

साधं छापील तिकीट आपल्या बँकेच्या कार्डाएवढं असतं, मागची बाजू चुंबकीय, काळी किंवा तपकिरी. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात दोन स्टेशनं आणि मध्ये बाण. खाली बारीक अक्षरात तारीख, ‘इतके दिवस वैध’ आणि मार्ग.

शोधायची ती सहा चित्राक्षरांची ओळ, वाचायची ‘गेशा-झेन्तो-मुको’. अर्थ: उतरल्यावर पुढचा प्रवास रद्द. यातलं दुसरं अक्षर गाडीचं आहे. मधोमध एक उभी रेघ, तिच्याभोवती चौकट, वर आणि खाली एकेक आडवी रेघ, वरून पाहिलेल्या दोनचाकी छकड्यासारखं. ही ओळ छापलेली असेल तर वाटेत उतरायचा विचार सोडा. अक्षरं ओळखायचा धीर नसेल तर फोनच्या भाषांतर-ॲपचा कॅमेरा तिकिटावर धरा.

स्टेशनच्या नावाऐवजी ‘टोकियो शहर विभाग’, ‘हिरोशिमा शहर’ असं काही दिसलं तर गोंधळू नका. २०० किलोमीटरच्या वरच्या तिकिटांत मोठ्या शहरांतली सगळी जेआर (जपान रेल्वे) स्टेशनं एकच धरतात. याचा एक फायदा आणि एक तोटा. फायदा असा की शिंजुकूजवळ मुक्काम असेल तर तिथूनच हेच कागदी तिकीट गेटमध्ये घाला, टोकियो स्टेशनपर्यंतचं वेगळं भाडं पडत नाही. बरेच जण सवयीने सुइका टेकवून आत जातात. दोनेकशे येन फुकट जातात आणि शिंकान्सेनच्या गेटवर कार्डाचा घोळ निस्तरावा लागतो तो वेगळाच. तोटा असा की शेवटच्या शहराच्या हद्दीत कुठेही बाहेर पडलात की तिकीट संपलं. निघायच्या शहराच्या हद्दीतही वाटेत उतरण्याची मुभा नाही.

सहा दिवसांचं एक तिकीट, पायरीपायरीने

उदाहरण घेऊ टोकियो ते हिरोशिमाचं, वाटेत नागोया, क्योटो आणि हिमेजीचा किल्ला.

१. शेवटचं स्टेशन ठरवताना हिरोशिमावर थांबू नका. बहुतेकांना पुढे मियाजिमा बेटावर जायचंच असतं. तिथे जाण्याचं मियाजिमागुची स्टेशन हिरोशिमाच्या पुढे २१.८ किलोमीटरवर आहे, शहर-हद्दीच्या बाहेर. टोकियोपासून एकूण ९१६ किलोमीटर होतात. भाड्याचा टप्पा ८८१ ते ९२० असा आहे, म्हणून भाडं तेच ११,८८० येन आणि दिवसही तेच ६. शिवाय आता हिरोशिमा हे शेवटचं शहर राहिलं नाही, तेव्हा तिथे उतरून मुक्काम करता येतो. एक येनही न वाढवता तिकीट लांबतं. भाड्याचे टप्पे असे असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी पुढचं एखादं स्टेशन त्याच टप्प्यात बसतंय का, हे बघायची सवय लावून घ्या.

२. स्वयंचलित यंत्रावर इंग्रजी पर्याय निवडला की यंत्र बहुधा जोशाकेन आणि तोक्क्यूकेन एकाच टप्प्याचं जोडून देऊ करतं. आपल्याला भाडं लांबचं आणि अधिभार जवळचा हवाय. तेव्हा पहिल्यांदा खिडकीवर जा. खिडकीचं नाव ‘मिदोरी-नो-मादोगुची’, हिरवी पाटी, आरामखुर्चीत बसलेल्या माणसाचं चिन्ह. मध्य जपान रेल्वेच्या स्टेशनांवर पाटी वेगळी असते, काम तेच. रांग मोठी असू शकते, त्यामुळे निघायच्या दिवशी सकाळी नको, आदल्या दिवशी जा.

३. कागदावर लिहून न्या. तारीख, जोशाकेन टोकियो ते मियाजिमागुची, मार्ग शिंकान्सेन. त्याखाली तोक्क्यूकेन टोकियो ते नागोया, विनाआरक्षित की आरक्षित. आणि शेवटी ‘तोचू-गेशा: नागोया, क्योटो, हिमेजी, हिरोशिमा’. रोमन लिपीत लिहिलं तरी चालतं. बोलून समजावण्यापेक्षा कागद पुढे सरकवणं दोघांनाही सोपं.

४. टोकियोला गेटमध्ये दोन्ही तिकिटं एकावर एक ठेवून एकदमच घाला. पलीकडून दोन्ही बाहेर येतात, दोन्ही उचला.

५. नागोयाला बाहेर पडताना परत दोन्ही घाला. या वेळी तोक्क्यूकेन यंत्र ठेवून घेतं आणि जोशाकेन तेवढं बाहेर येतं. ते तिथेच, गेटच्या तोंडाशी उभं राहतं. या ठिकाणी सर्वांत जास्त तिकिटं हरवतात, कारण बाहेर पडताना काही परत येत नाही ही सवय हाडीमाशी खिळलेली असते. माणूस बॅग ओढत निघून जातो आणि तिकीट मागे फडफडत राहतं.

भीती वाटत असेल तर कडेच्या माणूस असलेल्या गेटवर जा, तिकीट दाखवा आणि म्हणा, ‘तोचू-गेशा शिमासु’. आधी विचारायचं असेल तर ‘तोचू-गेशा देकिमासु का?’ काही ठिकाणी कर्मचारी तिकिटावर स्टेशनच्या नावाचा नखाएवढा शिक्का मारून देतात. चार थांब्यांनंतर तिकीट शिक्क्यांनी भरून जातं, तो काही दोष नव्हे.

६. नागोया ते क्योटो मात्र पुन्हा शिंकान्सेनच हवी असं नाही. हेच जोशाकेन घेऊन साध्या गाडीत बसा, माइबाराला गाडी बदला. सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, तोक्क्यूकेनचे २,५३० येन वाचतात. क्योटो ते हिमेजी तर ‘शिन-काइसोकू’ नावाची वेगवान साधी गाडी थेट जाते, दीड तासात, अधिभार शून्य. आमच्या मते क्योटोच्या पुढे हिमेजीपर्यंत शिंकान्सेन धरणं म्हणजे उगाच पैसे घालवणं. क्योटो–हिमेजी तिकीट स्वतंत्र काढलं तर वाटेत उतरता येत नाही, पण इथे आपल्या हातात टोकियोचं लांबचं तिकीट आहे, त्याला तो ओसाका परिसराचा नियम लागत नाही.

७. हिमेजीला किल्ला पाहायला सामान लॉकरमध्ये टाकून निघा. तिथून हिरोशिमापर्यंतचं अंतर मोठं आहे, तिथे तोक्क्यूकेन घ्या. हे आता यंत्रावरही जमतं, फक्त अधिभाराचं तिकीट निवडा आणि जोशाकेन आधीच आहे असं सांगा.

८. हिरोशिमाला बाहेर पडताना परत पाचवी पायरी. सहाव्या दिवसाच्या आत मियाजिमागुची गाठा.

कुठे अडतं

गेट लाल होऊन दार मिटलं तर घाबरून तिकीट खेचू नका. बहुतेकदा कारण साधं असतं: तोक्क्यूकेन घालायचं राहिलं, किंवा आत शिरताना कागद आणि बाहेर पडताना कार्ड टेकवलं. कडेच्या माणसाकडे जा. वैध तिकीट यंत्राने चुकून गिळलं तरी ते उघडून काढून देतात, पण लगेच सांगायला हवं. दहा मिनिटांनी त्या डब्यात शेकडो तिकिटं जमलेली असतात.

तिकीट हरवलं तर नवं काढावं लागतं. काढताना सांगून ठेवा की हे हरवलेल्याच्या बदली आहे, म्हणजे तशी नोंद होते. वर्षाच्या आत जुनं सापडलं तर शुल्क कापून पैसे मिळतात.

बेत बदलला तर? उरलेलं अंतर १०० किलोमीटरच्या वर असेल आणि दिवस शिल्लक असतील, तर वापरलेल्या टप्प्याचं भाडं आणि २२० येन कापून बाकीचे परत देतात. क्योटोला तब्येत बिघडली आणि हिरोशिमा रद्द केलं, तर तिकीट फाडू नका, खिडकीवर न्या. वापरायला सुरुवात केलेल्या तोक्क्यूकेनचं मात्र काही परत येत नाही. आजारपणामुळे मध्येच उतरावं लागलं, तर उतरण्यापूर्वी गाडीतल्या कर्मचाऱ्याला सांगा. भूकंप, वादळ यांमुळे रेल्वेनेच गाडी बंद केली, तर नियम वेगळे, प्रवाशाच्या बाजूचे. उरलेल्याचे पैसे विनाशुल्क मिळतात.

शेवटच्या दिवशी रात्री गाडीतच मुदत संपली, तर गेटबाहेर न पडता शेवटच्या स्टेशनपर्यंत जाता येतं. मुक्कामाला उतरलात तर मात्र संपलं.

सामानाची एक अडचण लक्षात ठेवा. तोकाइदो आणि सान्यो शिंकान्सेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वरची बॅग असेल तर मोठ्या सामानाची जागा असलेलं आसन आरक्षित करावं लागतं. त्याला वेगळे पैसे नाहीत, पण न करता चढलात तर १,००० येन द्यावे लागतात. वाटेत उतरणाऱ्याने दर नव्या तोक्क्यूकेनला हे पुन्हा सांगायचं असतं, आणि दुसऱ्या वेळी नेमकं विसरायला होतं.

आणि नववर्ष, एप्रिलअखेरची गोल्डन वीक, ऑगस्टमधला ओबोन या गर्दीच्या दिवसांत नोझोमी या सर्वांत वेगवान शिंकान्सेन गाड्यांना विनाआरक्षित डबेच नसतात. तेव्हा हिकारी किंवा कोदामा या जास्त थांबे घेणाऱ्या गाड्या धरा, त्यांना असतात.

हा सगळा हिशेब जपानचा. तो डोक्यात ठेवून इंग्लंडला गेलात तर फसाल. तिथल्या स्वस्त ‘ॲडव्हान्स’ तिकिटावर वाटेत उतरणं नियमात बसत नाही, गेटवर पैसे मागू शकतात. ‘एनीटाइम’ तिकिटावर मात्र सहसा उतरता येतं.

मियाजिमागुचीला पोहोचल्यावर शिक्क्यांनी भरलेलं ते तिकीट आठवण म्हणून ठेवावंसं वाटेल. ते यंत्रात घालू नका. माणसाच्या गेटवर दाखवा आणि ‘मुको-इन’ मागा. ‘रद्द’ असा शिक्का मारून तिकीट तुम्हाला परत देतात.